रायतूरचे खिळे आणि खारघरचे मोबाईल

कोणत्याही धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम कोनशिलेकडे, मग वेदीकडे आणि शेवटीं धर्मगुरूंच्या नामावळीकडे वळते. हें योग्यच आहे, व ज्युबिलीच्या पुस्तिकेंत त्याला त्याचें स्थान असावयासच हवें. आम्हीं मात्र आमच्या वांट्यास एक निराळा विषय घेतला आहे. चर्चची हांक भाविकांच्या कानापर्यंत पोहोंचते कशी, आणि ती पोहोंचविण्यासाठीं ख्रिस्तसभेनें वेळोवेळीं कोणकोणतीं साधनें हातीं घेतलीं, ह्याचा हा अल्पसा वृत्तांत आहे. आज तीं साधनें म्हणजे मोबाईल, व्हॉट्सॲप, यूट्यूब व अशींच इतर. हीं कालपरवां निघालेलीं खुळें आहेत असें कांहीं वडीलधारी मंडळी समजतात, आणि ह्यांच्यापूर्वीं जगांत कांहीं नव्हतेंच असें तरुण मंडळी समजतात. दोन्ही समज इतिहासास धरून नाहींत, म्हणून हा लेखनप्रपंच.

खारघर हें नांव जुनें, पण नगर नवें. नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको ही संस्था 17 मार्च 1970 रोजीं स्थापन झाली. तत्पूर्वीं, व त्यानंतरही बरींच वर्षें, पांडवकड्याच्या डोंगराखालीं कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे अशीं खेडीं, त्यांचीं भातखाचरें आणि पलीकडे खाडी, एवढाच येथील संसार होता. 1998 सालीं बेलापूर ते पनवेल हा लोहमार्ग सुरू झाला, 2016 च्या ऑक्टोबरांत पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली, आणि 17 नोव्हेंबर 2023 रोजीं बेलापूर-पेंधर मेट्रोही धांवूं लागली. ह्या अवधींत येथें जे कॅथोलिक आले ते वसईहून आले, गोव्याहून व मंगळुराहून आले, केरळ व तामिळनाडूंतून आले, अहिल्यानगर व जालना ह्या बाजूनें आले, छोटानागपुरांतून आले. लॅटिन रीतीचे आले तसे सिरो-मलबार रीतीचेही आले. आपल्या रायगड जिल्ह्यांत कोर्लईसारखें गांव आहे, जेथें ख्रिस्ती वस्ती पोर्तुगिजांच्या काळापासून एका जागीं नांदत आहे व शेजारीण शेजारणीला हांक मारून मिस्सेला नेते. खारघरास तसें पिढीजाद शेजारपण नव्हतें. चौदाव्या मजल्यावर कोण राहतो हें पंधराव्या मजल्यास ठाऊक नसतें. अशा ठिकाणीं मेंढपाळानें आपलीं मेंढरें ओळखावीं कशीं, आणि मेंढरांनीं एकमेकांस ओळखावें कसें, हा येथील मूळचा प्रश्न आहे.

साधनांमध्यें घंटेचा मान पहिला. जुन्या काळीं घंटेचा नाद जेथवर जाई तेथवर धर्मग्राम, असा व्यवहारांत जणूं दंडकच होता. पहांटे, दुपारीं व तिन्हीसांजेस ती वाजे. त्या नादावर शेतांतला माणूस हातचें काम थांबवून प्रार्थना करी. आणि कोणी दगावलें तर संथ टोल्यांवरून गांवास कळे. घड्याळ, दवंडी व वर्तमानपत्र ह्या तिघांचें काम ती एकटी करी. 1739 सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली, तेव्हां तेथल्या चर्चमधील कित्येक घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळावर 1721 सालची घंटा आहे. भीमाशंकरास 1729 सालची आहे. लोक त्या आजही कौतुकानें दाखवितात. वसईकडच्या माणसास त्या पाहून थोडें वाईट वाटतें व थोडा अभिमानही वाटतो. घंटेला मात्र आपल्याला कोण वाजवितो ह्याचें सोयरसुतक नाहीं.

खारघरास घंटेचें फारसें चालत नाहीं. उंच इमारती, मिटलेल्या खिडक्या, आणि शीव-पनवेल महामार्गाची अखंड घरघर, ह्यांपुढें तिचा आवाज किती पुरणार? ध्वनिक्षेपक घंटेच्या मदतीस आला खरा, पण ध्वनिप्रदूषणाविषयींच्या 2000 सालच्या नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत त्याचें तोंड बांधलें आहे. त्यामुळें मुंबई व नवी मुंबईंत पुष्कळ ठिकाणीं नाताळची मध्यरात्रीची मिस्सा सायंकाळींच सुरू करून दहाच्या आंत संपवावी लागते. ह्या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाहीं; शेजारधर्म हाही धर्मच आहे.

घंटा हांक मारते, पण शिकवीत नाहीं. शिकविण्याचें साधन म्हणजे छापखाना, आणि तो हिंदुस्थानांत प्रथम आणला ख्रिस्तसभेनेंच. 6 सप्टेंबर 1556 रोजीं गोव्याच्या बंदरांत एक छापण्याचें यंत्र आलें. खरें पाहतां तें ॲबिसीनियाला जावयाचें होतें; योगायोगानें तें गोव्यासच राहिलें व येशूसंघाच्या सेंट पॉल कॉलेजांत चालू झालें. दुसऱ्याच वर्षीं संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीं रचलेलें धर्मतत्त्वांचें पुस्तक तेथें छापून निघालें. 1578 सालीं कोल्लम येथें तमिळ भाषेंतलें पुस्तक तमिळ अक्षरांत निघालें. मराठीच्या वांट्यास मात्र तें भाग्य आलें नाहीं, आणि त्याची खंत ज्याला सर्वांत अधिक लागून राहिली तो गृहस्थ जन्मानें मराठी तर नव्हेच, हिंदुस्थानचाही नव्हता.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. 24 ऑक्टोबर 1579 रोजीं ते गोव्यास उतरले आणि पुढील चाळीस वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांतच राहून 1619 सालीं निवर्तले. मराठीची गोडी त्यांस अशी लागली कीं आपल्या पुराणप्रिय श्रोत्यांसाठीं त्यांनीं सुमारें 11,000 ओव्यांचें क्रिस्तपुराण रचलें. तें 1616 सालीं रायतूरच्या कॉलेजांत छापलें गेलें. परंतु छापलें कोणत्या अक्षरांत? रोमन अक्षरांत! ज्या भाषेच्या माधुर्याची थोरवी त्यांनीं ग्रंथारंभींच मुक्तकंठानें गाइली, त्या भाषेला स्वतःचीं अक्षरें देणें त्यांस शक्य झालें नाहीं. त्यांनीं प्रयत्न केला नाहीं असें नव्हे. 1608 सालीं त्यांनीं रोममधील आपल्या संघाच्या वरिष्ठांस पत्र लिहून, ह्या देशाच्या भाषेंत व ह्या देशाच्याच अक्षरांत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली होती. अडचण होती ती खिळ्यांची, म्हणजे छापखान्यांत जुळवावयाच्या धातूच्या अक्षरांची. रोमन लिपीस पंचवीसतीस आकृति पुरतात. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें धरून सहाशेंवर साचे लागत. ते दोनशेंपर्यंत खालीं आणतां येतील असा हिशेबही त्यांनीं त्या पत्रांत मांडला होता. हा हिशेब आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याच्याशीं पुढें आपलें काम आहे.

खिळे झाले नाहींत. क्रिस्तपुराणाच्या 1649 व 1654 ह्या सालांतील आवृत्त्याही रोमन अक्षरांतच निघाल्या. पुढें 1684 सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेवरच बंदी घातली व त्या छापखान्यांचा मराठीशीं असलेला संबंध तुटला. आश्चर्याची गोष्ट अशी कीं ह्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठें असल्याचें माहीत नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांत, कारण लोकांनीं तो हातानें उतरून घेतला होता आणि ते तो गात होते. यंत्रानें काढलेलें गेलें, बोरूनें लिहिलेलें राहिलें. 1907 सालीं मंगळुरास तो पुन्हां छापला गेला, तोही रोमन लिपींत. देवनागरी खिळ्यांत तो प्रथम सजला तो पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनीं 1956 सालीं प्रसिद्ध केलेल्या आवृत्तींत, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर 340 वर्षांनीं. त्यानंतर फादर कारिदाद द्रागो ह्यांची 1996 ची देवनागरी आवृत्ति व फादर नेल्सन फलकाव ह्यांचें 2009 चें आधुनिक मराठींतील रूपांतर, असे दोन उपकार येशूसंघाच्या व सलेशियन संघाच्या धर्मगुरूंनीं मराठीवर केले.

दरम्यान मराठीला देवनागरी खिळे मिळाले होते, परंतु ते आपल्या हातून नव्हे. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें बाप्तिस्त मिशनरी विल्यम कॅरी ह्यांनीं 1805 सालीं मराठीचें व्याकरण काढलें, त्यांत मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनीं छापले होते. स्टीफन्सांच्या पत्रास तेव्हां 197 वर्षें होऊन गेलीं होतीं. अमेरिकन मिशनचें ‘ज्ञानोदय’ 1842 सालीं अहमदनगरास निघालें. आणि केडगांवास पंडिता रमाबाईंनीं तर कमालच केली. त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठींत आणलें आणि तें मुक्ति मिशनांतील स्त्रियांनींच छापलें. दुष्काळानें व वैधव्यानें होरपळलेल्या ज्या मुलींस जगानें टाकून दिलें होतें, त्या तेथें खिळे जुळवीत व यंत्र चालवीत. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजीं वारल्या. छपाई पुरी झाली ती 1924 सालीं. ह्या सर्व गोष्टी प्रॉटेस्टंट बंधुभगिनींनीं केल्या हें लिहितांना आमच्या कांहीं वाचकांस अवघडल्यासारखें होईल. पण कर्तृत्व ज्याचें त्यास द्यावें, हाच इतिहासाचा शिरस्ता आहे. कॅथोलिकांकडे मुंबईंत 1850 पासून ‘एक्झॅमिनर’ हें पत्र होतें, पण तें इंग्रजी. मराठी कॅथोलिकांचा आवाज खऱ्या अर्थानें घरोघर गेला तो वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकानें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 1983 पासून 2007 पर्यंत त्याचें संपादन केलें. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला व 2020 च्या जानेवारींत उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें. ते 2024 च्या जुलैंत निवर्तले.

रेडिओचा व चित्रवाणीचा इतिहास आम्ही थोडक्यांत आटोपतों. व्हॅटिकन रेडिओचें यंत्र खुद्द मार्कोनी ह्यांनीं उभारलें व 12 फेब्रुवारी 1931 रोजीं पोप पायस अकरावे त्यावरून सर्व जगाशीं बोलले. 1948 च्या नाताळच्या आदल्या रात्रीं पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमधील मिस्सा चित्रवाणीवर दाखविण्यांत आली. दहा वर्षांनीं पोप पायस बारावे ह्यांनीं असिसीच्या संत क्लेअरला चित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून जाहीर केलें. ह्यामागें एक कथा आहे. 1252 च्या नाताळांत ती आजारानें इतकी क्षीण झाली होती कीं तिला चर्चमध्यें जातां येईना. तेव्हां तिला खोलींत पडल्यापडल्याच चर्चमधील विधि दिसला व गायन ऐकूं आलें, असें तिचे चरित्रकार सांगतात. ती चर्चला गेली नाहीं ती आळसानें नव्हे, आजारानें, हा त्या कथेंतला मुद्दा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे.

मग इंटरनेट आलें. 1995 च्या नाताळांत व्हॅटिकनचें संकेतस्थळ सुरू झालें. 12 डिसेंबर 2012 रोजीं पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनीं आपला पहिला ट्विटर-संदेश धाडला. ह्या दोहोंच्या मध्यें, 22 फेब्रुवारी 2002 रोजीं, व्हॅटिकननें ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ ह्या नांवाचें एक पत्रक काढलें. त्यांतील आशय आमच्या शब्दांत असा: ह्या साधनाचा उपयोग धर्मशिक्षणास, बातमीस व प्रार्थनेच्या प्रेरणेस जरूर करावा, परंतु संस्कार म्हणजे साक्रामेंत त्यावरून देतां येत नाहीं. पाणी अंगावर पडावें लागतें, तेल कपाळाला लागावें लागतें, भाकरी हातांत यावी लागते. 2011 सालीं कुमसाराच्या तयारीसाठीं एक मोबाईल-कार्यक्रम निघाला व त्यास अमेरिकेंतील एका बिशपांची मान्यताही होती. तेव्हां कुमसार मोबाईलवर करतां येतो अशी हूल उठली, आणि व्हॅटिकनच्या प्रवक्त्यास तिचा खुलासा करावा लागला. पापांची उजळणी यंत्रापुढें करावी, क्षमा मात्र धर्मगुरूपुढें गुडघे टेकून घ्यावी, असा त्याचा मथितार्थ. आमच्या तरुणांचा लाडका कार्लो अकूतीस ह्यानें हा भेद बरोबर ओळखला होता. साक्रामेंताशीं संबद्ध चमत्कारांची माहिती त्यानें संगणकावर गोळा करून जगापुढें ठेविली, पण स्वतः तो प्रत्यक्ष मिस्सेस नित्य जाई. 2006 सालीं अवघ्या पंधराव्या वर्षीं तो वारला. 7 सप्टेंबर 2025 रोजीं पोप लिओ चौदावे ह्यांनीं त्यास संत म्हणून घोषित केलें.

हा सर्व विचार खारघरास कसोटीला लागला तो 2020 सालीं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि चर्चला कुलूप लागलें. 27 मार्चच्या सायंकाळीं पोप फ्रान्सिस पावसानें भिजलेल्या निर्मनुष्य सेंट पीटर चौकांत एकटे उभे राहून प्रार्थना करीत असल्याचें दृश्य जगानें पाहिलें, व आपल्या घरांतूनही तें पाहिलें गेलें. त्या वर्षीं ईस्टर 12 एप्रिलला आला. जेवणाच्या मेजावर पांढरें वस्त्र घालावें, मेणबत्ती लावावी, पाण्याच्या तांब्याला टेकून मोबाईल उभा करावा, आणि त्या वीतभर कांचेंत दिसणाऱ्या वेदीपुढें सबंध कुटुंबानें उभें राहावें, असें तें दिवस होते. मोबाईलपुढें गुडघे टेकावे कीं नाहींत, असा प्रश्न घरोघर पडला. कांहीं टेकले, कांहीं संकोचले. ऐन प्रतिष्ठापनेच्या क्षणीं चित्र गोठून जाई, आणि आज्या म्हणत कीं देवानेंच डोळे मिटले. महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें 16 नोव्हेंबर 2020 रोजीं उघडलीं, 2021 च्या एप्रिलांत पुन्हां मिटलीं, व 7 ऑक्टोबर 2021 रोजीं पुन्हां उघडलीं. दोन्ही मिळून वर्षाहून अधिक काळ धर्मग्राम भिंतींवांचून जगला.

त्या काळांतल्या अंत्यविधींविषयीं लिहितांना लेखणी अडखळते. वीस माणसांहून अधिकांस परवानगी नसे, आणि साथीच्या रोगानें गेलेल्यांस तर तेवढींही मिळत नसत. कुवेतहून मुलगा, ऑस्ट्रेलियाहून मुलगी, वसईहून बहीण, हीं सारीं आपल्या माणसाची माती मोबाईलच्या कांचेतून पाहत. जो कोणी त्या वेळीं हातांत मोबाईल धरून कबरेशीं उभा राहिला, त्यानें घंटा वाजविणाऱ्याचेंच काम केलें असें आम्ही समजतों.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या घरांत एकच मोबाईल होता तेथें तो मुलांच्या शाळेस लागे. वृद्ध जोडपीं, परक्यांच्या घरीं राहून चाकरी करणाऱ्या छोटानागपूरच्या मुली, रोजंदारीवरचे कामगार, ह्यांच्यापर्यंत यूट्यूबवरील मिस्सा पोहोंचली नाहीं, किंवा पोहोंचली ती त्यांस न समजणाऱ्या इंग्रजींत. त्यांस धीर दिला तो साध्या फोननें, आणि दारांत धान्याची पिशवी ठेवून जिन्यावरून हांक मारणाऱ्या माणसांनीं. आणि चर्च उघडल्यावरही कांहीं मंडळी घरच्या कोचावरून उठलीं नाहींत, हेंही खरें आहे. संत क्लेअरची सवलत त्यांनीं धडधाकट प्रकृतीनें घेतली!

ती सवलत ज्यांची खरोखर आहे, अशीं माणसें आपल्या खारघरांतच आहेत. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगाच्या उपचारांची व संशोधनाची संस्था येथें आहे, आणि तेथें दूरदूरच्या प्रांतांतून रोगी येतात. महिनेच्या महिने भाड्याच्या खोलींत काढणाऱ्या अशा माणसास गर्दींत जाण्याची वैद्यांची मनाई असते. त्याच्या उशाशीं त्याच्या गांवच्या चर्चमधील मिस्सा त्याच्याच भाषेंत लागते, हें ह्या युगाचें केवढें देणें! तथापि तेल व साक्रामेंत घेऊन जिना चढणाऱ्या धर्मगुरूचें व सेवकांचें काम त्यानें कमी होत नाहीं. कोणत्या खोलींत कोण आहे हें आतां त्यांस लौकर कळतें, एवढेंच.

दानपेटीशेजारीं आतां क्यूआर कोडचा चौकोन चिकटला आहे. युपीआयची ही पद्धति 2016 पासूनची. सोय मोठी आहे, हिशेबही चोख राहतो; परंतु पूर्वीं थैलींत मूठ उघडली म्हणजे कोणाच्या मुठींत काय होतें हें कोणासच कळत नसे, आणि आतां रकमेसह नांवाची नोंद होते. गुप्तदानाची ही हानि आमच्या मतें लहान नाहीं, म्हणून पेटी काढूं नये.

आतां वाचकांनीं तो सहाशें व दोनशें साच्यांचा हिशेब आठवावा. 1991 सालीं युनिकोड नांवाची अक्षरसंहिता प्रसिद्ध झाली; तिच्यांत देवनागरीस 128 घरें मिळालीं. एकेका जोडाक्षराचा निराळा साचा करावयाच्या ऐवजीं मूळ वर्णांस क्रमांक द्यावे, व जोडणी यंत्रानें करावी, अशी ती युक्ति आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम झालें. म्हणजे फादर स्टीफन्सांनीं जें दोनशेंवर आणूं म्हणून विनविलें, तें सव्वाशेंवर आलें, आणि त्यास ना शिसें लागतें, ना रोमची परवानगी. ज्या खिळ्यांसाठीं तो माणूस झुरला ते आज खारघरांत प्रत्येकाच्या खिशांत फुकट पडले आहेत.

आणि त्या खिळ्यांचें होतें काय? धर्मग्रामांचे व्हॉट्सॲप-समूह उघडून पाहावे. सूचना इंग्रजींत, वाचनें इंग्रजींत, नोवेनाही इंग्रजींत. आणि जेथें कोणी हौसेनें मराठींत शुभेच्छा देतो, तेथें ‘येशूची स्तुति असो’ हे शब्दही रोमन अक्षरांत टंकलेले! रायतूरच्या छापखान्यास निरुपाय होता. येथें उपाय हातांत असून चारशें वर्षांपूर्वींचा निरुपाय आपण हौसेनें चालवीत आहों. इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. मल्याळी, तमिळ, कोंकणी व मराठी कुटुंबें एका बांकावर बसतात तेथें एक सामान्य भाषा हवीच. पण मल्याळी कुटुंबांतील मुलास आपल्या भाषेंतील धर्मवाचन मोबाईलवर सहज सांपडतें, तसें मराठी मुलास सांपडतें काय? व्हॅटिकनच्या वृत्तसेवेंत हिंदी, तमिळ व मल्याळम ह्या भाषा पूर्वींपासून होत्या. 2024 सालीं कन्नडची भर पडली, तेव्हांही मराठी त्या यादींत नव्हती. वसईच्या चर्चांतून मराठी मिस्सा यूट्यूबवर येते हें आपलें भाग्य. परंतु खारघरची मराठी खारघरनेंच लिहावयास नको काय? जी भाषा घरांत प्रार्थनेपुरतीही उरत नाहीं, ती पुढच्या पिढींत कुमसारासही उरणार नाहीं, आणि मरणाच्या वेळीं आजीचा हात धरून बसलेल्या नातवास तिची प्रार्थना समजणार नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें हें घडूं लागलें आहे.

दुसरी एक चिंता टिकण्याची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें 11 नोव्हेंबर 1563 रोजीं ठरावून दिल्यापासून बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या नोंदवह्या ठेवण्याची चाल सर्वत्र पक्की झाली, आणि त्या वह्यांच्या आधारानें माणसें आजही आपलें गोत्र शोधतात. आतां त्या नोंदी संगणकावरही घेतल्या जातात. हें उत्तम, मात्र वही मिटवूं नये. व्हॉट्सॲपवरचें लिखाण तर मोबाईल बदलला कीं जातें. 2020 सालच्या टाळेबंदींत खारघरच्या घराघरांत जें लिहिलें, गाइलें व नोंदलें गेलें, त्यांतील पुष्कळसें आतांच नाहींसें झालें असेल. क्रिस्तपुराणाच्या छापील प्रतींसारखें तें सर्व जाऊं द्यावयाचें नसेल तर लौकर हालचाल केली पाहिजे.

म्हणून ह्या लेखाच्या शेवटीं आमची एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं आईआजीच्या हस्ताक्षरांतील मराठी गीतांची, लदिनांची वा प्रार्थनांची वही असेल, ज्यांच्या मोबाईलमध्यें टाळेबंदींतील मिस्सेचीं, रोझरीचीं वा अंत्यविधीचीं ध्वनिचित्रें उरलीं असतील, त्यांनीं तीं रविवारच्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कार्यालयांत आणावीं. टंकलेखनास तरुण मंडळी बसतील; अट एकच, अक्षर देवनागरी असावें. वहीवर मालकाचें नांव व इमारतीचा क्रमांक घालावा, म्हणजे उतरून झाल्यावर ती ज्याची त्यास सुखरूप परत पोंचविली जाईल.